पहिला जीव कुणी निर्माण केला? जीवसृष्टीचा आरंभ आणि तिची सुरुवातीची वाटचाल

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या एका वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे लिहिलेले वा सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो खोडून काढला. विषय तिथे संपला नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या नव्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिले गेले ते मुलांवरील ओझे कमी करण्याचे. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला, तेव्हा बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे उत्तर मिळाले.

बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? आपल्या वस्त्यांतील मुले दहावीनंतर आयटीआयला जातात, कला-वाणिज्य घेतात, अनेक जण थेट कामाला लागतात. दहावीत जे शिकले तेच त्यांचे आयुष्यभराचे विज्ञान असते. म्हणून जीवसृष्टी कशी सुरू झाली याची, आज उपलब्ध पुराव्यांवर आधारलेली माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. अभ्यासवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांना ती उपयोगी पडावी.

वय कसे मोजतात?

ज्या जिल्ह्यात ते विधान झाले त्याच जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. लेणी कोरायला सुरुवात झाली ती साधारण २२०० वर्षांपूर्वी. पण ती ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून तयार झाला. आपल्याला हा खडक अतिप्राचीन वाटतो. पृथ्वीचे वय मात्र ४५४ कोटी वर्षे आहे. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचे शंभर भाग केले, तर अजिंठ्याचा खडक शेवटच्या दीड भागात येतो. त्याच्याआधीच्या साडेअठ्ठ्याण्णव भागांत कुठेतरी जीवनाचा उगम शोधायचा आहे.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत. युरेनियम हे मूलद्रव्य ठरलेल्या गतीने विघटित होत शेवटी शिसे बनते. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा निम्मा साठा संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे खडकातील युरेनियम आणि शिसे यांचे प्रमाण मोजले की खडकाचे वय कळते. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधील शिशाच्या प्रकारांचे मोजमाप करून १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. सत्तर वर्षे होत आली, उपकरणे कितीतरी सुधारली, पण आकडा फारसा हललेला नाही. इथे 'कुणी पाहिले होते?' हा प्रश्न विचारून उपयोग नाही. खून होताना कुणी पाहिला नाही म्हणून तपास थांबत नाही. मागे राहिलेल्या खुणा वाचल्या जातात.

सुरुवातीची पृथ्वी वितळलेल्या खडकाची होती. पण ती फार लवकर निवली असावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण सापडले आहेत. त्यांतील सर्वांत जुन्याचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे आहे. अशा जुन्या कणांतील ऑक्सिजनच्या प्रकारांवरून त्या काळीही पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असल्याचे दिसते. पाणी आले की रसायनशास्त्राला वाव मिळतो.

निर्जीवातून सजीव

एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास बाकदार मानेच्या काचपात्रांत उकळलेले रसद्रव्य ठेवून दाखवून दिले की हवेतील जंतू आत गेल्याशिवाय त्यात जीव निर्माण होत नाहीत. यावरून 'निर्जीवातून सजीव होऊच शकत नाही, हे विज्ञानानेच सिद्ध केले' असे कीर्तनात आणि हल्ली व्हिडिओतही सांगितले जाते. पाश्चरने सिद्ध केले ते एवढेच की आजच्या परिस्थितीत, काही दिवसांत, शिळ्या रश्श्यातून जिवाणू आपोआप उपजत नाहीत. कोट्यवधी वर्षे, ऑक्सिजन नसलेली हवा आणि संपूर्ण पृथ्वीएवढी प्रयोगशाळा असताना काय होऊ शकते, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेतच नव्हता.

डार्विनने १८७१ मध्ये आपला मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात एका उबदार छोट्या डबक्याची कल्पना मांडली होती. तिला शास्त्रीय रूप दिले रशियाच्या अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे. ऑक्सिजनविरहित वातावरणात सूर्याची अतिनील किरणे आणि विजा यांच्या ऊर्जेने साध्या वायूंपासून सेंद्रिय रेणू तयार झाले असतील आणि समुद्रात साठत गेले असतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे हाल्डेन आपल्याला परके नाहीत. १९५७ मध्ये ते भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

ही कल्पना तपासून पाहिली शिकागो विद्यापीठातील बावीस-तेवीस वर्षांच्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने. त्याचे मार्गदर्शक होते हॅरोल्ड युरी. काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेऊन त्याने आठवडाभर विजेच्या ठिणग्या सोडल्या. पाणी आधी गुलाबी, मग लालसर-तपकिरी झाले. त्यात अमिनो आम्ले सापडली. ज्या घटकांपासून आपली प्रथिने बनतात ती ही आम्ले. निष्कर्ष १९५३ मध्ये छापून आला. मिलरने जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांची त्याच्या मृत्यूनंतर नव्या यंत्रांनी तपासणी झाली, तेव्हा त्याला दिसली होती त्याहून बरीच जास्त, एका संचात वीसहून अधिक, अमिनो आम्ले आढळली.

या प्रयोगावर रास्त टीकाही झाली. सुरुवातीच्या वातावरणात मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, असे पुढे अनेकांचे मत झाले आणि तशा मिश्रणात अमिनो आम्ले कमी तयार होतात. पण २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या उल्केतही सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले मिळाली. अवकाशातल्या दगडातही हे रेणू तयार होत असतील, तर त्यांच्यासाठी निर्मात्याची गरज पडत नाही, एवढे नक्की.

कोंबडी की अंडे

अमिनो आम्ले म्हणजे जीवन नव्हे. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे, तसेच. सजीव ठरायला निदान तीन गोष्टी लागतात: स्वतःला बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवणारे पटल, ऊर्जा वापरण्याची सोय आणि स्वतःची प्रत काढण्याची क्षमता.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आजच्या पेशीत माहिती डीएनएत असते, पण डीएनएची प्रत काढायला प्रथिने लागतात. आणि ती प्रथिने बनवण्याची माहिती पुन्हा डीएनएतच. आधी काय आले? १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना असे आढळले की आरएनए हा रेणू माहितीही साठवतो आणि प्रथिनांप्रमाणे रासायनिक क्रियाही घडवतो. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना यासाठीच मिळाले. म्हणजे डीएनए आणि प्रथिने या दोघांच्याही आधी आरएनएवर चालणारे एक जग असू शकते. याला बळकटी मिळाली ती रायबोझोमच्या रचनेतून. पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या या यंत्राच्या गाभ्यात, जिथे अमिनो आम्ले प्रत्यक्ष जोडली जातात तिथे, प्रथिन नसून आरएनए आहे. रायबोझोमच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे तमिळनाडूतील चिदंबरमचे. आपल्या प्रत्येकाच्या पेशीत त्या जुन्या आरएनए जगाचा अवशेष आजही काम करतो आहे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

पटलाचे कोडे त्या मानाने सोपे. काही स्निग्धाम्ले पाण्यात टाकली की आपोआप पोकळ, गोल पिशव्या बनतात. साबणाचा फेस पाहिलेल्या कुणालाही यात फार आश्चर्य वाटणार नाही.

हे सर्व कुठे घडले, यावर दोन मुख्य मते आहेत. एक मत खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांचे. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ असे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी सापडली. २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाचे अल्कधर्मी झरे सापडले. त्यांच्या सच्छिद्र खडकांत नैसर्गिकरीत्याच रासायनिक ऊर्जेचा फरक तयार होतो, थेट पेशी वापरते तसा. दुसरे मत जमिनीवरील गरम डबक्यांचे. पाणी आटते, पुन्हा भरते, आणि आटताना रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला हा वाद विज्ञानाचा कमकुवतपणा वाटत नाही. 'अजून ठरलेले नाही' आणि 'म्हणून ईश्वराने केले' या दोन वाक्यांमध्ये कोणताही पूल नाही. तो बांधून देणाऱ्याला पुरावा मागावा.

एक पूर्वज

आजचे सर्व सजीव, जिवाणू, बुरशी, बाभूळ, बेडूक आणि माणूस, जवळजवळ एकच जनुकीय संकेतलिपी वापरतात. ही लिपी उलगडण्यातील कामासाठी हर गोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल इतर दोघांसोबत मिळाले. सगळ्यांची लिपी एक, म्हणजे सगळ्यांचा पूर्वज एक. या शेवटच्या समाईक पूर्वजाला वैज्ञानिक 'लुका' म्हणतात. तो पृथ्वीवरचा पहिला किंवा एकमेव जीव नव्हे; त्याच्या काळी इतरही असतील, पण त्यांचे वंश उरले नाहीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जनुकांच्या तुलनेवरून लुकाचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा काढला. हे खरे असेल तर जीवन पृथ्वीच्या जन्मानंतर फार लवकर सुरू झाले.

खडकांतील पुरावा त्यानंतरचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत जाऊन तयार झालेले हे दगडी थर. त्याच ऑस्ट्रेलियात शार्क बे येथे ते आजही वाढताना दिसतात.

पुढची दोनशे कोटी वर्षे पृथ्वी बहुतांशी सूक्ष्मजीवांचीच होती. पण त्यांनी जे केले ते नंतर कुणालाही जमले नाही. सायनोबॅक्टेरिया म्हणजे नीलहरित जिवाणू पाणी आणि सूर्यप्रकाश वापरून अन्न बनवू लागले आणि ऑक्सिजन बाहेर टाकू लागले. समुद्रात विरघळलेल्या लोहाशी त्याचा संयोग झाला, लोह गंजून तळाशी बसले. तांबड्या-काळ्या पट्ट्यांचे जे लोहखडक जगभर आढळतात त्यांच्या निर्मितीत या ऑक्सिजनचा मोठा वाटा मानला जातो. छत्तीसगडमधील बैलाडिला आणि गोव्याच्या खाणी याच जातीच्या खडकांवर चालतात. ज्या लोखंडासाठी आदिवासींच्या जमिनी जातात, त्याची पहिली उलाढाल या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी केली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपासून ऑक्सिजन हवेत साचू लागला. तेव्हाच्या बहुतेक सूक्ष्मजीवांसाठी तो विषच होता. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो, तो त्यांच्यासाठी प्राणघातक.

पेशीच्या आत पेशी

यानंतरची सर्वांत मोठी घटना स्पर्धेची नसून सोबतीची आहे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्यांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो जिवाणूंच्या डीएनएशी जुळतो. लिन मार्ग्युलिस या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञेने १९६७ मध्ये मांडले की या तंतुकणिका मुळात स्वतंत्र जिवाणू होते, ते दुसऱ्या पेशीच्या आत शिरले आणि तिथेच राहिले. वनस्पतींतील हरितलवके हे असेच आत राहिलेले सायनोबॅक्टेरिया. तिचा लेख पंधराएक नियतकालिकांनी नाकारला होता, असे सांगतात. आज तो शालेय ज्ञानाचा भाग आहे. यजमान पेशी कुणाची होती, याचा माग २०१५ मध्ये आर्क्टिकजवळच्या समुद्रतळातील गाळात लागला. तिथे सापडलेल्या 'लोकी' गटातील आर्किया सूक्ष्मजीवांची जनुके आपल्याशी जवळची निघाली. त्यांचा एक नातलग प्रयोगशाळेत वाढवायला जपानी गटाला बारा वर्षे लागली.

उत्क्रांती म्हणजे 'बळी तो कान पिळी', असा समज करून देऊन जातिव्यवस्थेचे समर्थन करणारे लोक आम्हाला भेटतात. त्यांना ही तंतुकणिका दाखवावी. ते समर्थन करणाऱ्याच्याही प्रत्येक हालचालीला ऊर्जा तीच पुरवते.

चित्रकूट आणि भीमबेटका

भारतातील दोन शोध मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. भारतीय जीवाश्मतज्ज्ञ रफत आझमी यांनी १९९८ मध्ये चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांत सूक्ष्म जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. ते कॅम्ब्रियन काळाचे, म्हणजे ५०-५५ कोटी वर्षांपूर्वीचे, असे त्यांचे म्हणणे. खडक त्याहून कितीतरी जुने मानले जात असल्याने मोठा वाद झाला, जीवाश्म खरे आहेत का यावरही शंका घेतली गेली. २००९ मध्ये स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने पुन्हा नमुने गोळा करून तपासले. जीवाश्म खरे निघाले. पण वय शंभर कोटी वर्षांहून जास्त चुकलेले. ते सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे होते. २०१७ मध्ये त्यांतील काही तांबड्या शैवालासारखे, म्हणजे केंद्रक असलेल्या गुंतागुंतीच्या पेशींचे आणि बहुपेशीय असल्याचे मांडले गेले. एकाला आझमी यांच्या नावावरून 'रफतआझमिया' हे नाव मिळाले. ज्यांची तारीख चुकली, त्यांच्याच नावाने शोध ओळखला जातो.

दुसरा शोध भीमबेटकाचा. २०२१ मध्ये तेथील एका गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा सापडल्याचे छापून आले. वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले. पुढे दुसऱ्या गटाने जाऊन पाहिले तर तो 'जीवाश्म' थोड्या काळातच झिजून सुटत चालला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली.

यानंतरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीपासून मोठ्या आकाराचे मऊ देहाचे जीव, ५४ कोटींच्या सुमारास कॅम्ब्रियन काळात कवचधारी आणि पायांच्या प्राण्यांची झपाट्याने वाढ, मग मासे, जमिनीवरील वनस्पती, आणि अगदी शेवटी आपण. आणि मंत्रिमहोदयांच्या आक्षेपापुरते: आजच्या माकडाचा माणूस झाला, असे डार्विनने म्हटलेलेच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि त्यांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

वासेट्ठाचा प्रश्न

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त चार वर्णांची उत्पत्ती विराट पुरुषाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून सांगते. उत्पत्तीची कथा आणि समाजातील जागा यांची गाठ तिथे बांधली गेली. म्हणूनच 'पहिला जीव कुठून आला' हा प्रश्न आपल्याकडे केवळ जीवशास्त्राचा राहत नाही. आमच्या एका अभ्यासवर्गात लुकाविषयी बोलत असताना आठवीतल्या मुलीने विचारले, "म्हणजे पाटलांच्या वाड्यातल्या लोकांचा आणि आमचा तो एकच का?" आम्ही म्हटले, एकच, तुमच्या अंगणातल्या चिंचेचाही तोच.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने, हा वाद घेऊन तथागतांकडे येतात. तथागत त्यांना गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. यांच्यात जातीची वेगळी शारीरिक लक्षणे दिसतात. माणसांमध्ये मात्र केस, डोके, कान, डोळे कशातही तशी लक्षणे नाहीत. आजचे जनुकशास्त्र सांगते की कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो.

इथे आपल्याच लोकांशी थोडे भांडण आहे. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताचा हवाला देऊन 'डार्विनच्या आधी अडीच हजार वर्षे बुद्धांनी उत्क्रांती सांगितली' असे मजकूर आपल्या गटांत फिरतात. ते सुत्त वाचून पाहावे. त्यात स्वयंप्रकाशी जीव येतात, पृथ्वीचा रस चाखतात आणि हळूहळू जड होतात. हे जीवशास्त्र नाही. त्या सुत्ताची धार दुसरीकडे आहे. ब्राह्मण स्वतःला ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले म्हणवतात, पण ब्राह्मण स्त्रियांना ऋतू येतो, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना दूध पाजतात हे सर्वांना दिसते, असे तथागत तिथे त्याच वासेट्ठ-भारद्वाजांना सांगतात. समोर दिसणारे प्रमाण मानून उत्पत्तीचा दावा तपासणे, हे त्या सुत्तातले खरे काम. आपण बुद्धांना डार्विनच्या आधीचा डार्विन करायला लागलो, तर पुष्पक विमानवाल्यांना हसण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नसल्याचे प्रकरण लिहिले आहे. जग निर्माण केले गेले नसून विकसित होत गेले आहे, हा मुद्दा त्यात येतो. वासेट्ठ आणि भारद्वाज यांच्याशी झालेला ईश्वरविषयक संवादही तिथे वाचायला मिळतो. अभ्यासवर्गासाठी ते प्रकरण आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' मधील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिला धडा एकत्र घेता येतो. दोन्हींना मिळून दीड-दोन तास लागतात. धड्यातील अवशेषांगांचा भाग मुलांना सर्वांत आवडतो, कारण माकडहाड प्रत्येकाला स्वतःच्या पाठीशी चाचपून पाहता येते.